सोजरबाई मरत का नाही

रविवारी दुपारी पिंपळे सौदागरला, उत्कर्षा काटेच्या घरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत, गुहेतून अस्वल बाहेर आलं आणि सोजरबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

अस्वल अर्थात जयदीपने सांगितलेलं. गेलं दीडेक वर्ष ही चौघं रविवारी टेबलाभोवती बसून गोष्टीचा खेळ खेळायची. जयदीप सूत्रधार. तो जंगल, घाट, चोर, जनावरं उभी करायचा. बाकीची तिघं आपलं पात्र काय करतं ते सांगायची, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. उत्कर्षाचं पात्र रणजा, तलवारबाज. सार्थकचा चिमट्या, कुलपं उघडणारा चोर. प्राजक्ताची सोजरबाई ही झोळीत मुळ्या आणि पाला घेऊन फिरणारी वैदू, बाकीच्यांच्या जखमा बऱ्या करणारी. नियम पहिल्या दिवशीच ठरला होता. पात्र मेलं तर मेलं. ते परत येत नाही.

"नक्की?" जयदीपने विचारलं. "अस्वल चवताळलंय. सोजरबाईच्या अंगात जेमतेम जीव उरलाय, एक पंजा बसला तर संपलं. मागे झाड आहे. चढता येईल."

"नाही चढत," प्राजक्ता म्हणाली. "समोर जाते."

उत्कर्षा तेव्हा चहाचा ट्रे घेऊन आत येत होती. दार जयदीपच्या पाठीमागे होतं. तो फासा टाकायचा तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे. चाकणला तो ज्या कंपनीत क्वालिटीला होता, तिथल्या पॅकिंगच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यानेच तो बनवला होता. फासा घरंगळला आणि थांबला. वर एकोणीस, म्हणजे पंजा बसला.

"सहा," जयदीप म्हणाला. "पंजा हवेत गेला. अस्वल वळलं आणि झाडीत शिरलं."

सार्थकने सुटकेचा श्वास टाकला. प्राजक्ता आपल्या नखांकडे बघत बसली. जयदीपने फासा उचलून मुठीत धरला. उत्कर्षाने ट्रे खाली ठेवला तेव्हा कपबशा वाजल्या, पण वर कुणी बघितलं नाही.

खेळ संपल्यावर जयदीप आणि प्राजक्ता आपापल्या वाटेने गेले. सार्थक खुर्च्या लावायला थांबला होता. उत्कर्षाने दार लोटून घेतलं.

"एकोणीस होते," ती म्हणाली.

"कशावर?"

"अस्वलाच्या फाशावर. त्याने सहा सांगितले."

सार्थकने हातातली खुर्ची तिथेच ठेवली. "नीट बघितलंस?"

"त्याच्या खांद्याच्या मागे उभी होते मी."

सार्थक खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "धर्माजीच्या वेळी मला काय म्हणाला होता, आठवतं?"

धर्माजी हे सार्थकचं पहिलं पात्र. खेळ सुरू होऊन दोन महिने झाले नव्हते तेव्हा लांडग्यांनी त्याला ओढ्यात गाठला आणि तो मेला. सार्थकने त्याची आख्खी वंशावळ तयार केली होती.

"नियम म्हणजे नियम, भावा, असं म्हणाला," सार्थक बोलला. "मी हसण्यावारी नेलं. पण घरी जाऊन जेवलो नव्हतो राव त्या दिवशी. खेळातला माणूस, पण लागतं ना."

मग दोघं आठवायला बसले, आणि आठवत गेलं तसतसं सगळंच संशयास्पद दिसायला लागलं. दोरांचा पूल तुटला तेव्हा सोजरबाईच्या हाती ऐनवेळी वेल लागली होती. त्याच्या जरा आधी सार्थकने विचारलं होतं, दरीत काय आहे, तेव्हा जयदीप म्हणाला होता, नुसते खडक. विहिरीचं विषारी पाणी ती सगळ्यांच्या आधी प्याली, तर विष जुनं झालेलं निघालं.

"सरळ आहे," सार्थक म्हणाला. "त्याला ती आवडते."

"तिचं लग्न झालंय."

"म्हणून तर बाहेर काही बोलत नाही आणि खेळात वाचवतो."

उत्कर्षाला हे पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. ती खाली आली तेव्हा तिची चुलती, शालनबाई, मेथी निवडत बसली होती. वरचा आवाज खाली यायचा.

"कोन मेलं गं?" शालनबाईने विचारलं.

"कुणी नाही, काकू."

"मंग तोंडं आशी का झाली?" तिने देठ बाजूला टाकले. "ती वाकडची प्राजक्ता बी खाली मान घालून गेली. दर येळी बोलती, आज बोलली न्हाई. तिच्या घरात काय हाय का?"

"काही नाही गं," उत्कर्षा म्हणाली. घरात कुणाच्या काय आहे, हे शोधायची काकूला सवयच होती.

पुढच्या रविवारी उत्कर्षाने जयदीपची परीक्षा घ्यायची ठरवलं. दरोडेखोरांच्या तळावर हल्ला होता. आडोशाआड लपून बाण सोडायची सोय असताना ती म्हणाली, "रणजा ढाल टाकते आणि सरळ आत घुसते."

जयदीपने भुवया वर केल्या. "ढाल टाकून? समोर भालाईत आहेत. जीवावर बेतेल."

"घुसते म्हटलं ना."

पुठ्ठ्यामागे फासा वाजला. जयदीपने तो बघितला, तिच्याकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "सतरा. भाला डाव्या मनगटातून आरपार. हात कामातून गेला. रक्त थांबवलं नाही तर रणजा मरेल."

ना वेल आली, ना विष जुनं निघालं. उत्कर्षाच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. सार्थकने टेबलाखालून तिला पायाने ढोसलं.

"सोजरबाई, ये लवकर," उत्कर्षा म्हणाली.

"आले," प्राजक्ता म्हणाली. "झोळी उघडते. रक्त थांबवते." ऑफिसात एकामागून एक तक्रारी निकाली काढाव्यात तसा तिचा आवाज होता. उत्कर्षाच्या ते ध्यानात आलं, पण तिला वाटलं, ही पण सामील आहे, हिला माहीत आहे की हिला काही होणार नाही, म्हणून एवढी निवांत.

त्याच आठवड्यात तिला चाकणला जावं लागलं. तिच्या वडिलांनी, लक्ष्मणरावांनी, तिकडे शेड बांधून कंपन्यांना भाड्याने दिल्या होत्या. त्यातल्या एकीचं छप्पर गळत होतं. पत्रे बघून, मिस्त्रीला समजावून ती परत निघाली तर तळेगाव चौकात कंटेनरची रांग लागलेली. गाडी इंचाइंचाने सरकत होती. डाव्या हाताला चहाची टपरी होती आणि टपरीच्या कडेला जयदीप उभा होता. त्याच्यासमोर ओम, प्राजक्ताचा नवरा.

ओमला ती ओळखायची. चाकणलाच एका कंपनीत तो स्टोअर सांभाळायचा आणि कधीमधी प्राजक्ताला मोटारसायकलवरून सोडायला यायचा. वर कधी आला नव्हता. जयदीपची आणि त्याची ओळख असल्याचं कुणी कधी बोललं नव्हतं. आता मात्र जयदीप हात हलवून काहीतरी समजावत होता आणि ओम चहाचा ग्लास तोंडाला न लावता ऐकत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मागून ट्रकने हॉर्न दिला आणि उत्कर्षाला पुढे जावं लागलं.

संध्याकाळी तिने जयदीपला फोन केला. "आज चाकणला आले होते. म्हटलं भेटू, पण तू कुठे असशील काय माहीत."

"कंपनीतच होतो गं," जयदीप म्हणाला. "ऑडिट होतं. जागचा हललो नाही."

तिने बरं म्हणून फोन ठेवला. हा माणूस फाशाचा आकडा खोटा सांगतो आणि स्वतःचा ठावठिकाणाही खोटा सांगतो. दीड वर्ष आपण याला घरात घेतोय. सार्थकला तिने सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं, "नवऱ्यालाच भेटला? मग भानगड मोठी दिसते."

रविवारी प्राजक्ता आली ती ओठ मिटून. जयदीपला तिने नमस्कारही केला नाही. तोही तिच्या नजरेला नजर देत नव्हता. सगळे बसले. गोष्ट पुढे सुरू झाली. दरोडेखोरांचा म्होरक्या खिंडीत वाट अडवून उभा होता, हातात कुऱ्हाड.

"सोजरबाई त्याच्याकडे चालत जाते," प्राजक्ता म्हणाली. "रिकाम्या हाताने."

"तो मारेल," जयदीप म्हणाला. "मागे फिरायला अजून वेळ आहे."

"चालत जाते."

जयदीपने फासा उचलला, तेवढ्यात उत्कर्षाने हात पुढे केला आणि पुठ्ठ्याचा आडोसा उचलून जमिनीवर ठेवला.

"उघड्यावर टाक," ती म्हणाली.

"का?"

"अस्वलाच्या वेळी एकोणीस पडले होते. मी बघितलेत."

 प्राजक्ताने झटकन मान वर केली. "एकोणीस?" तिने विचारलं. "म्हणजे सोजरबाई मेली होती?"

"मेली होती. ह्याने वाचवली. माझा हात मात्र गेला, आणि सार्थकचा धर्माजी मेला. एकटी सोजरबाई का मरत नाही, ते आज कळू दे."

"टाक, जयदीप," प्राजक्ता म्हणाली. "सगळ्यांसमोर टाक."

"नको," जयदीप म्हणाला. "आज खेळ थांबवू."

"टाक म्हणते ना."

त्याने टाकला. आठच्या वर काहीही आलं असतं तर कुऱ्हाड बसली असती. फासा टेबलाच्या मधोमध जाऊन थांबला. तीन.

"चुकला," सार्थक हळूच म्हणाला.

"ती हलत नाही," प्राजक्ता म्हणाली. "तिथेच उभी आहे. त्याला परत मारू दे."

 फासा पुन्हा घरंगळला आणि उत्कर्षाच्या कपाला टेकून थांबला. एक. मारणाऱ्यासाठी त्याहून वाईट आकडाच नव्हता. कुऱ्हाड म्होरक्याच्या हातून निसटून दरीत पडली असं जयदीपने नियमाप्रमाणे सांगितलं.

प्राजक्ताने डोकं दोन्ही हातांत धरलं. "आता तरी मरू द्या की हिला," ती म्हणाली.

 खालच्या दुकानाचं शटर कुणीतरी वर ढकललं, त्याचा आवाज आला.

"प्राजक्ता," जयदीप म्हणाला, "घरी सगळं ठीक आहे ना? तू ठीक आहेस ना?"

"तूच भेटलास ना ओमला?"

"हो."

"चाकणला," उत्कर्षा म्हणाली. "मला म्हणालास कंपनीत होतो."

"तुला काय सांगणार होतो? काय बोललो ते सांगायचं नव्हतं." जयदीप प्राजक्ताकडे वळला. "मी घाबरलो होतो. पूल, विहीर, अस्वल. दर वेळी मी सुटायची वाट दाखवतो आणि दर वेळी तू उलटी मरणाकडे जातेस. खेळणारा माणूस असं करत नाही, आपलं पात्र जपतो. मला वाटलं, ही सोजरबाई नाही, तूच जातेयस. मी एकोणीस म्हटलं असतं आणि उद्या तुझ्याबद्दल काही ऐकावं लागलं असतं, तर? म्हणून सहा म्हटलं. मग ओमला शोधून काढला आणि विचारलं, ती घरी कशी असते."

"आणि ओमने काय केलं माहीत आहे?" प्राजक्ताचा आवाज चढला नाही, पण एकेक शब्द तुटत आला. "गॅलरीला कुलूप लावलं. अकराव्या मजल्यावर राहतो आम्ही. डोकेदुखीच्या गोळ्या स्वतःच्या डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत नेतो. बाथरूममध्ये जरा वेळ लागला की दार वाजवतो. मला कारण सांगत नाही. मला वाटलं, ह्याचंच बाहेर काहीतरी चाललंय, म्हणून एवढा गोड वागतोय. काल त्याचा फोन चोरून बघितला मी. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. त्यात तुझा मेसेज निघाला, भेटायचं ठरवलेला."

"मग खरं काय आहे?" सार्थकने विचारलं. चेष्टा करायची त्याची सवय त्याच्या आवाजातून गेली होती.

प्राजक्ताने सोजरबाईचा कागद पुढे सरकवला. "खरं एवढंच की मला हिचा कंटाळा आलाय. घरी सासऱ्यांच्या गोळ्या, पथ्य, डॉक्टर, सगळं माझ्याकडे. ऑफिसात कुणाचं अडलं की माझ्याकडे. रविवारी इथे येते, तर सोजरबाई, हात गेला, ये. सोजरबाई, पाय मुरगळला. दीड वर्षात हिने कुणाच्या डोक्यात एक काठी घातलेली नाही. मला काठी घालायचीय."

"मग सांगायचं ना, पात्र बदलायचंय म्हणून," जयदीप म्हणाला.

"सांगितलं होतं. गणपतीच्या आधी. तू म्हणालास, दुसरं घे, पण सोजरबाई पण ठेव. आणि ही म्हणाली," तिने उत्कर्षाकडे बघितलं, "मग आम्हाला बरं कोण करणार?"

उत्कर्षाला आठवलं. भेळ वाटत असताना ती बोलून गेली होती, हसत, आणि सगळे हसले होते. प्राजक्ताही.

"म्हणून म्हटलं, मेली की प्रश्न मिटला," प्राजक्ता म्हणाली. "आपला नियमच आहे. पण ही मरेचना. मला वाटलं नशीबच असं. मला काय माहीत हा आत बसून आकडे बदलतोय."

जयदीपने चष्मा काढून शर्टाला पुसला. "तुला विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"मला विचारायचं. नवऱ्याला नाही."

"कसं विचारणार होतो?"

"आत्ता विचारलंस तसं."

सार्थक खुर्चीत मागे रेलला. "मला पण कुणी विचारलं नव्हतं, लांडग्यांच्या वेळी," तो म्हणाला. "मला जगायचं होतं."

"नाही विचारलं," जयदीप म्हणाला. "नवीन होतो. वाटलं, एकाला मारल्याशिवाय तुम्हाला भीती वाटणार नाही."

"म्हणजे तो पण आकडा खोटा होता?" उत्कर्षाने विचारलं.

"नाही. तो खरा होता." त्याने तिच्याकडे सरळ बघितलं. विश्वास ठेवावा की नाही हे उत्कर्षाला ठरवता येईना, आणि ते शोधून काढायची आता काही सोयही नव्हती.

त्या दुपारी खेळ पुढे गेला नाही, पण त्यांनी नियमाचं बोलणं केलं. आडोसा यापुढे नको, फासा सगळ्यांसमोर. जीवावरचा प्रसंग आला की सूत्रधाराने धोका किती आहे ते स्पष्ट सांगायचं आणि खेळणाऱ्याला विचारायचं की तुला काय हवंय. मरण हवं असेल तर तसं बोलायचं, आणि ते चांगलं मरण मिळेल असं बघायचं. मरण नको असेल तर हरण्याचे दुसरे प्रकार आहेत. हात जाईल, गाव जळेल, मित्र शत्रूकडे जाईल.

"मग आज मारायची हिला?" जयदीपने विचारलं.

प्राजक्ताने कागद हातात घेतला, थोडा वेळ बघितला. "नाही," ती म्हणाली. "एवढं सगळं होऊन वाचली, आता मारवत नाही. झोळी रणजाच्या पुढ्यात ठेवते. म्हणते, बाई, पाला कुठला कशाला ते आता तूच शीक. आणि घाट उतरून बहिणीच्या गावाला जाते."

"जाताना मागे बघते का?"

"नाही बघत."

उत्कर्षा तिला स्कूटरवरून वाकडला सोडायला गेली. उन्हं कलली होती. सोसायटीच्या गेटपाशी प्राजक्ता उतरली, हेल्मेट तिने परत दिलं. उत्कर्षाने गाडी बंद केली, पण वळवली नाही.

"प्राजक्ता, खरंच दुसरं काही नाही ना?"

"आता तू पण?"

"विचारतेय फक्त. जयदीपला म्हणालीस ना तू, मलाच विचारायचं म्हणून."

प्राजक्ता गेटच्या खांबाला टेकली. "थकलेय गं. कधी कधी इतकी, की ऑफिसातून घरी यायला नको वाटतं. पण मरावंसं नाही वाटत. वाटलं तर सांगेन. तुला सांगेन." मग ती म्हणाली, "ओमला पण मघाशी फोनवर हेच सांगितलं. तो हो म्हणाला. पण त्याला पटलं नाही."

पुढच्या रविवारी ओम तिच्याबरोबर वर आला. बघायला आलोय, म्हणाला, आणि भिंतीजवळच्या खुर्चीत बसला. शालनबाईने त्याला पाणी आणून दिलं आणि तिथेच दारात उभी राहिली. ओम खेळ बघतच नव्हता. आधी तो बराच वेळ जयदीपकडे बघत राहिला, मग बायकोकडे.

प्राजक्ताचं नवं पात्र होतं ठकुबाई. धिप्पाड, खांद्यावर घण, दार दिसलं की फोडणारी. पहिल्याच वाड्याचं दार तिने फोडलं. आतल्या ओसरीची फळी सुटी असल्याचं जयदीपने आधीच सांगितलं.

"खाली खोल तळघर आहे," तो म्हणाला. "पडलीस तर वाचशीलच असं नाही. काय हवंय तुला?"

"जगायचंय," प्राजक्ता म्हणाली. "पण फळीवरूनच जायचंय."

फासा उघड्या टेबलावर पडला. चार. फळी मोडली आणि ठकुबाई खाली गेली. पाय मोडला, बरगड्या गेल्या, बरं करणारं कुणी नव्हतं. रणजा एका हाताने झोळी चाचपत होती आणि कुठला पाला कशाचा ते तिला ठाऊक नव्हतं. प्राजक्ता खदखदून हसत होती. तिला असं हसताना या खोलीत कुणी पाहिलं नव्हतं.

ओम खुर्चीतून उठून उभा राहिला होता. "मेली?" त्याने विचारलं.

"नाही अजून," सार्थक म्हणाला.

"मग उभे काय राहिलात? दोर टाका की कुणीतरी."

"तुम्हीच या, धरा," जयदीप म्हणाला आणि बाजूची खुर्ची त्याच्यासाठी ओढली. ओमने त्याच्याकडे, मग टेबलावरच्या फाशाकडे जरा साशंकपणेच बघितलं. फासा उचलला, उलटासुलटा करून सगळ्या बाजू तपासल्या, आणि मग बसला.